मावशीचा चार मिनिटं तेरा सेकंदांचा निरोप

आईचा बंद पडलेला फोन मी स्वतःच्या हातांनी जिवंत केला. त्या कामात फोन सोडून बाकी सगळं गेलं, एवढंच.

ही हकीकत आमच्या घरात मी सोडून सगळे सांगतात आणि दर वेळी थोडा मीठमसाला वाढवून सांगतात. म्हणून म्हटलं, एकदा आरोपीचाही जबाब होऊन जाऊ दे. मी श्रीकांत. एका सरकारी बँकेत अधिकारी. जन्म कोलकात्याचा, नोकरी एस्प्लनेडला, घर डमडमला. सत्तावीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासतोय. अर्जातला एखादा चौकोन खूण न करता रिकामा राहिलेला दिसला, की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. हे ध्यानात ठेवा. पुढे याचा उपयोग होणार आहे (न होता तर फार बरं झालं असतं!).

आईला एकच बहीण, कमलमावशी. आई शहात्तर वर्षांची, मावशी एक्क्याऐंशीची. दोघी इथेच जन्मल्या, इथेच शिकल्या आणि इथल्याच मूठभर मराठी घरांत त्यांची लग्नं झाली. आई डमडमला आली, मावशी बराकपूरला गेली. मावशीला अलीकडे फार कमी ऐकू येतं. फोनवर बोलायचं म्हणजे आई इकडून ओरडणार, मावशी तिकडून "काय?" म्हणणार, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे दत्तबाबू खिडकीतून उत्तर देणार! शेवटी मावशीच्या सुनेने, शर्मिलाने, तोडगा काढला. शर्मिला बंगाली, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून आमच्यापेक्षा नेटाने मराठी बोलते. तिने दोघींना आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवलं. मावशी तो निरोप आवाज पूर्ण वाढवून, फोन कानाला चिकटवून, हवा तितक्या वेळा ऐकू शकते. तेव्हापासून रोज दुपारी चारला डमडम आणि बराकपूर यांच्यात निरोपांची ये-जा सुरू झाली.

आता एक गोष्ट हसणं बाजूला ठेवून सांगतो. आई भाजीवाल्याशी बंगालीत बोलते, वॉचमनशी हिंदीत बोलते, आमच्याशी मराठीत बोलते. पण आमची मराठी म्हणजे "जेवलीस का" आणि "गोळी घेतलीस का". पोटातलं बोलायला आणि पोटभर भांडायला तिला या अख्ख्या शहरात एकच माणूस उरलंय. ते बराकपूरला राहतं आणि त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे आईचा तो साधा अँड्रॉइड फोन म्हणजे तिचं माहेर होतं, हे मला कळायला हवं होतं.

भांडण झालं ते पुरणयंत्रावरून. हे यंत्र आजीचं, म्हणजे या दोघींच्या आईचं. तीन पायांचं, भक्कम. वरून दांडा फिरवायचा, खालच्या जाळीतून मऊ पुरण पडतं. कोलकात्यात असलं काही मिळत नाही. दुकानदाराला हातवारे करून समजावलं, तर तो फळांचा रस काढायचं यंत्र पुढे करतो. म्हणून एकाच यंत्रावर दोन घरांचे सण चालतात. होळीची पुरणपोळी आमच्याकडे, गौरींची मावशीकडे. होळी झाली की यंत्र धुऊनपुसून, जुन्या चादरीत बांधून बराकपूरला जातं आणि गौरी झाल्या की परत येतं. माझ्या जन्माआधीपासून हे असंच चाललंय. यंदा गौरींना बारा दिवस असताना मावशीने चादर सोडली. आत यंत्र होतं, दांडा होता, जाड जाळी होती. पुरणाची बारीक जाळी नव्हती.

"सुमे, बारीक जाळी तुझ्याकडेच राहिलीय. बघ जरा," मावशीचा निरोप आला.

"ताई, मी माझ्या हातांनी कागदात गुंडाळून ठेवलीय. तूच बघ जरा," आईचा निरोप गेला.

"मी चारदा बघितलं. तू हल्ली विसरतेस."

"मी विसरते? मागच्या वर्षी गौरीचे मुखवटे कुठे ठेवलेत, याची तुला कोणी आठवण करून दिली?"

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण दोन दिवसांत प्रकरण जाळीवरून मुखवट्यांवर, मुखवट्यांवरून आजीच्या नथीवर आणि नथीवरून कोणाच्या लग्नात कोणाचा मान राहिला नाही इथवर मागे गेलं. "जाळी तुझ्याकडे आहे, आणि तुला ते माहीत आहे," असा शेवटचा निरोप पाठवून आईने फोन उशीखाली कोंबला.

दुसऱ्या दिवशी मावशीचं उत्तर आलं. चार मिनिटं तेरा सेकंद!

मावशीचा निरोप एरवी अर्ध्या मिनिटाच्या वर जात नसे. आईने तो आकडा चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि जाहीर केलं, "मी ऐकणार नाही."

"अगं, ऐक तरी," मी म्हणालो.

"तिला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे. सत्तर वर्षं ऐकतेय."

पण दिवसातून दहा वेळा ती फोन हातात घ्यायची, त्या निरोपाकडे बघायची आणि परत ठेवायची. असे दोन दिवस गेले. मला तिची दया आली. आणि मला दया आली की मी मदत करतो. घरच्यांनी खरं तर तिथेच मला आवरायला हवं होतं.

फोन बरेच दिवस अपडेट मागत होता. आई देवपूजेत होती म्हणून मी तेवढ्यात अपडेट सुरू करून दिलं. बॅटरी तळाला होती, पण फोन चार्जरला लावलेला होता, तेव्हा चिंता नव्हती. मग पाच मिनिटांनी माझ्या फोनची बॅटरी संपत आली, आणि चार्जर एकच. कोणीतरी आईच्या फोनची वायर काढून आपल्या फोनला लावली. (कोणीतरी म्हणजे मीच. जबाब प्रामाणिक असावा.)

आई देव्हाऱ्यापुढून उठून आली तेव्हा फोनवर कंपनीचं चिन्ह येत होतं, फोन थरथरत होता आणि विझत होता. परत चिन्ह, परत थरथर, परत काळोख.

"माझा निरोप?" आई म्हणाली.

"कुठला निरोप?"

"ताईचा."

"पण तू तर ऐकणार नव्हतीस!"

"ऐकणार नाही म्हणजे कधीच ऐकणार नाही, असं म्हटलं का मी?"

"मग मावशीलाच विचार ना, काय म्हणालीस म्हणून."

"वेडा आहेस का? म्हणेल, तीन दिवस माझा निरोप नुसता पाडून ठेवलास? शिरू, तिला यातलं अक्षर कळता कामा नये. खबरदार!"

मी फोन घेऊन ऑफिसजवळच्या एका दुरुस्तीच्या टपरीवर गेलो. तिथल्या गृहस्थांनी फोन दोनदा उलटासुलटा केला. "बोर्ड ठिक आछे दादा. सॉफ्टवेअर उडे गेछे. फ्लॅश मारते होबे." म्हणजे सॉफ्टवेअर उडालंय, ते नव्याने भरावं लागेल.

"आर डेटा?" आतल्या डेटाचं काय, मी विचारलं.

"डेटा थाकबे ना," ते शांतपणे म्हणाले. म्हणजे आतलं काही राहणार नाही. मी फोन परत घेतला. हे लोक घाईचं काम करतात, असं मी मनाशी म्हटलं. आपण सावकाश, नियमाप्रमाणे करू.

घरी येऊन मी तीन व्हिडिओ पाहिले आणि तज्ज्ञ झालो. काम तसं सोपं होतं. कंपनीने फोनमध्ये मुळात जे सॉफ्टवेअर घातलेलं असतं, त्याची फाइल इंटरनेटवरून उतरवायची. ती लॅपटॉपवरच्या एका खास टूलमध्ये उघडायची. मग मेलेला फोन वायरने जोडायचा आणि टूलने ते सॉफ्टवेअर फोनमध्ये परत ओतायचं. लॅपटॉप आमचा जुना, तव्यासारखा तापतो. पण त्याला खालून हवा लागेल अशी घरगुती सोय मी केव्हाच करून ठेवली आहे (असल्या छोट्या युक्त्यांचा मला अभिमान आहे). रविवारी सकाळी आंघोळ करून मी जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया मांडली.

"अहो, यात आईंचे निरोप राहतील ना?" माझ्या बायकोने, मेधाने, विचारलं.

"हे बघ," मी तिला समजावलं, "फोन म्हणजे बँकेची शाखा समज. ही पडद्यावर यादी दिसतेय ना, या तिच्या खोल्या. प्रत्येक खोलीपुढे एक चौकोन. खूण असेल ती खोली पाडून नवी बांधायची. ही शेवटून तिसरी, 'युजर डेटा'. ही लॉकरची खोली. आईचं सगळं यात. हिच्यापुढची खूण तेवढी काढून टाकायची, की हिला कोणी हात लावत नाही." आणि मी ती खूण काढली. जबाबात हे ठळक नोंदवावं, मी ती खूण काढली होती!

पण फोन जोडला तर लॅपटॉप त्याला ओळखीना. व्हिडिओतला माणूस सांगत होता, आवाज कमी करायचं बटण दाबून धरा आणि मग वायर लावा. मेधाने बटण धरलं, मी वायर लावली. काही नाही. मी बटण धरलं, मेधाने वायर लावली. लॅपटॉप 'टिंग' म्हणाला आणि लगेच 'टुंग' म्हणाला, म्हणजे आला आणि गेला. वायर बदलली. लॅपटॉपचं भोक बदललं. तासभर आम्ही नवरा-बायको तो फोन दोन्ही बाजूंनी धरून बसलो होतो. लग्नाच्या होमापुढेही आम्ही इतका वेळ एकत्र काही धरलं नव्हतं.

तेवढ्यात आई गणपतीचा अंगारा घेऊन आली. मी "आई, नको!" म्हणेपर्यंत तिने तो फोनला लावला. तो नेमका चार्जिंगच्या भोकात सांडला! मी डोक्याला हात लावला, दात कोरायची काडी आणली आणि अंगारा कोरून काढू लागलो. त्याबरोबर आतून वर्षानुवर्षांची धूळ आणि कापसाची एक चांगली जाडजूड गुंडाळी बाहेर आली. मग वायर लावली, तर लॅपटॉप 'टिंग' म्हणाला आणि 'टिंग'वरच राहिला.

"बघितलंस?" आई म्हणाली. तिला पुढे काही म्हणायची गरज नव्हती.

आता फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं. पण मी बँकेतला माणूस. आमच्याकडे एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी मेधाला खुर्चीवर बसवलं.

"तू तपासनीस. वरपासून खालपर्यंत बघ. सगळं ठीक आहे ना सांग."

तिने बोट लावून वाचायला सुरुवात केली. ती शाळेत शिकवते, तिची नजर तेज. "पहिला आहे... दुसरा आहे... सगळ्यांपुढे आहे. फक्त खालून तिसऱ्यापुढे खूण राहिलीय वाटतं."

रिकामा चौकोन!

"शाब्बास!" मी म्हणालो. "म्हणूनच दोन माणसं लागतात." आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने मी तिच्या खांद्यावरून हात लांब करून ती खूण भरून टाकली. वर समाधानाने "आता अर्ज पूर्ण झाला," असंही म्हणालो. मेधाच्या म्हणण्याप्रमाणे तिने तोंड उघडलं होतं, पण मी बटणही दाबून मोकळा झालो होतो.

पडद्यावर आधी लाल पट्टी आली. मग पिवळी पट्टी सरकू लागली. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. आई हात जोडून उभी होती. सात-आठ मिनिटांनी एक मोठी हिरवी खूण उमटली आणि मी खुर्चीवरून उडीच मारली. "झालं! जिवंत!" फोन थरथरला, चिन्ह आलं, आणि या वेळी विझलं नाही. पाच मिनिटांनी पडदा पांढराशुभ्र झाला. वर लिहिलं होतं, "स्वागत आहे. भाषा निवडा."

मी मराठी निवडली. मग फोनने नाव विचारलं.

"याला माझं नाव माहीत नाही?" आई म्हणाली.

माझी नजर लॅपटॉपवरच्या यादीकडे गेली. खालून तिसरी. खूण अशी ठसठशीत, अगदी नियमाप्रमाणे.

"बरा झाला म्हणतोस," आई फोन हातात घेऊन म्हणाली, "मग हा मला ओळखत का नाही?"

सिम घातलं, मेसेजचं ॲप परत घेतलं, नंबर दिला. जुने निरोप परत आणायचे का, असं ॲप विचारील, अशी मला वेडी आशा होती. त्याने विचारलं नाही. कारण निरोपांची प्रत आपोआप ठेवायची सोय कोणीतरी गेल्या वर्षी बंद केली होती. "आई, उगाच जागा खातं ते," असं म्हणून. ते कोणीतरी कोण, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल.

मी बोलणी खायची तयारी केली. मला त्याची सवय आहे. पण आईने तो कोरा फोन पदराने पुसला, मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर पूजेच्या मांडवासाठी बांबू उतरवत होते, त्यांचा खडखडाट चालला होता. मग ती म्हणाली, "रागावलेली असेल ती. असू दे. आवाज तर तिचा होता."

मला फार वाईट वाटलं. इतकं, की त्या दिवशी मी कोणालाच कसलीही मदत केली नाही.

सोमवारी सकाळी आई इस्त्रीची साडी नेसून दारात उभी. "चल, बराकपूरला."

मी रजा टाकली. फॉर्मवर कारण 'कौटुंबिक' लिहिलं, त्याहून खरा पर्याय तिथे नव्हता. डमडमहून गाडी पकडली. गाडीत आईने मला ताकीद दिली. "मी निरोप ऐकलाय. नीट ऐकलाय. असंच धरून चालायचं. फोनचं नाव काढायचं नाही."

"पण त्यात काय होतं हे तुला—"

"ते मी बघते."

दार शर्मिलाने उघडलं. "ओ मा, मावशी!" म्हणत ती वाकली. मावशी आत पलंगावर बसली होती. आईला बघून तिचा चेहरा उजळला, आणि मग भांडण आठवून तिने तो परत आवळला. आई तिच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन बसली. त्या कानाने अजून जरा ऐकू येतं.

"ऐकला तुझा निरोप," आई कानाशी मोठ्याने म्हणाली.

"मग? काय म्हणणं आहे तुझं?"

"काय असणार? काही पटलं. काही नाही पटलं."

मावशी सावध झाली. "काय नाही पटलं?"

"शेवटचं."

मावशीने थोडा विचार केला. "शेवटी काय म्हणाले होते मी?"

"तुला माहीत आहे!"

"मला माहीत आहेच. तू सांग."

"तुझ्या तोंडून निघालेलं मी कशाला सांगू? मी आपलं ऐकून घेतलं. इतकी वर्षं घेतेय तसंच."

"बरं मग, सुरुवातीचं पटलं ना?"

"सुरुवातीचं... थोडंसं."

"थोडंसं!" मावशीने मांडीवर हात मारला. "सुरुवातीला तर मी तुला मूर्ख म्हटलं होतं!"

आई गोरीमोरी झाली. मी छताकडे बघू लागलो. दारात पदर तोंडाला लावून शर्मिला हसत होती. "मावशी, तुम्ही तर ऐकलंच नाही ना!" ती म्हणाली. "ऐकलं की हे माइकचं चित्र निळं होतं. मी रोज बघते. अजून निळं झालंच नाही. मी आमच्या आईंना सांगितलं पण नाही, त्यांना दुःख होईल म्हणून."

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं कबूल केलं. अपडेट, चार्जर, रिकामा चौकोन, हिरवी खूण. मावशीला प्रत्येक गोष्ट दोनदा ओरडून सांगावी लागली, त्यामुळे माझा कबुलीजबाब अर्ध्या गल्लीने ऐकला. शेवटी मी म्हणालो, "मावशी, तो निरोप आता कायमचा गेला गं. काही करता येत नाही. मी सगळे उपाय करून बघितले."

पलंगावरचा मावशीचा फोन उचलत शर्मिला म्हणाली, "श्रीकांतदा, गेला कुठे? हा काय, इथेच आहे ना. पाठवणाऱ्याकडे राहतोच तो!"

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक शाखेत. दुसरी, तिची जोड, दुसऱ्या शाखेत ठेवायची, म्हणजे इकडे काही झालं तरी तिकडची सलामत. सत्तावीस वर्षांत कितीतरी किल्ल्या मी लाखेची मोहोर लावून दुसऱ्या शाखेत पोचवल्या आहेत. कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी तो नियम मी पाठ म्हणून दाखवीन. आणि आठवडाभर हा निरोप आमच्या बराकपूर शाखेत पलंगावर पडला होता, एका बोटाच्या अंतरावर. मी टेबलाच्या कडेला टेकलो.

शर्मिलाने आवाज पूर्ण वाढवून निरोप लावला.

सुरुवातीची वीस सेकंदं मावशी आईला मूर्ख म्हणत होती, हे खरं निघालं. हट्टी म्हणत होती, आणि जाळी डमडमलाच आहे असं तीनदा म्हणत होती. मग "बास, झालं माझं बोलून," असं म्हणून तिने फोन ठेवल्याचा आवाज आला. ठेवला, पण बंद केला नव्हता. पुढे पंख्याची घरघर. भांडं आपटल्याचा आवाज. मग मावशीचा स्वर, लांबून, एकदम खाली आलेला. "शर्मिला, उद्या जाऊन दुसरी जाळी मिळते का बघ गं. नाही मिळाली तर लोहाराकडून करून घेऊ. सुमीला सांगू, माझ्याकडेच सापडली म्हणून. माझाच दोष, असं म्हणू. म्हातारी झालीय ती, विसरते. मी उगाच लागेल असं बोलले... तिच्याशिवाय माझ्याशी भांडायला तरी कोण आहे?" मग शर्मिलाचं काहीतरी पुसट बोलणं, लांबून जाणाऱ्या गाडीची शिट्टी, आणि मावशीला पाठवायचं बटण आठवेपर्यंत नुसता पंखा.

आई पलंगाच्या चादरीची घडी उगाच नीट करत होती. मावशीला निरोप ऐकूच आला नव्हता. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

"काय गं? काय म्हणाले मी?"

आईने तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "मूर्ख म्हणालीस."

"ते तर म्हणालेच. पुढे?"

"पुढे काही नाही. खोटं बोलायचं ठरवत होतीस. खबरदार माझ्यासाठी दोष अंगावर घेतलास तर! जाळी माझ्याकडेच राहिली असणार. मीच विसरले असेन."

"तू कशाला विसरशील? तू कागदात गुंडाळलीस म्हणालीस ना? म्हणजे इथूनच गेली. माझ्याकडूनच हरवली."

"ताई, जाळी मी हरवली!"

"सुमे, मोठी मी आहे. मी हरवली!"

आणि दोन्ही म्हाताऱ्या पुन्हा हमरीतुमरीवर आल्या. शर्मिलाने चहा टाकला. मी ते भांडण ऐकत बसलो आणि मला फार फार बरं वाटलं. इतकी भरघोस मराठी मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. निघताना ठरलं, की जाळी दोघींनी मिळून हरवली आणि या विषयावर पुन्हा कोणी बोलायचं नाही. मावशीने आईला गौरींच्या दोन दिवस आधी राहायला यायचं वचन द्यायला लावलं. गाडीत आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मलाही वाटलं, झालं ते एका अर्थी चांगलंच झालं. मी फोनचा जीव घेतला नसता तर या दोघी समोरासमोर आल्याच नसत्या. (माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो, बघा.)

घरी आलो. टेबल पुसायला म्हणून मेधाने लॅपटॉप उचलला आणि ती तशीच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "ही तुमची हवेची सोय कुठून आणली होतीत?"

लॅपटॉपखाली वीतभर गोल, स्टीलची, बारीक बारीक भोकांची तबकडी होती. मग मला सगळं आठवलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात धुऊन वाळत ठेवलेली होती. आकार नेमका मापाचा, भोकं हवेला उत्तम. मी उचलली. सहा महिने मी रोज तिच्यावर लॅपटॉप ठेवून बसलो होतो. ती शस्त्रक्रियाही तिच्यावरच झाली होती.

जाळी गुपचूप स्वयंपाकघरात ठेवावी, तर आई खोटी पडते. बराकपूरला नेऊन टाकावी, तर मावशी खोटी पडते. दोघींनी एकमेकींसाठी घेतलेला दोष माझ्यासाठी वाया जाऊ द्यायचा, हे काही मला जमेना. संध्याकाळी मी आईच्या हातात जाळी दिली आणि आईच्याच त्या नव्या कोऱ्या फोनवरून मावशीला खरं काय ते रेकॉर्ड करून पाठवलं. आई जाळीकडे बघत राहिली. मग तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि आत गेली.

तासाभराने माझ्या फोनवर दोन निरोप आले. आईचा शेजारच्या खोलीतून, सहा मिनिटांचा. मावशीचा बराकपूरहून, नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचा.

मी अजून ते ऐकलेले नाहीत. आणि माझा फोन, दुर्दैवाने, अगदी ठणठणीत आहे.